निरोप्याचं शुद्धिपत्र

"आज कुणीही आलं तरी त्याला चूक सापडणार नाही," खिळ्याने शनिवारी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केलं.

समोर बायको एका पायात बूट घालून दुसरा शोधत होती. ती फिजिओथेरपिस्ट होती आणि शनिवारीही तिचे पेशंट असत. कुणाचा गुडघा, कुणाची मान. नवऱ्याची मानही अलीकडे कॉम्प्युटरकडे वाकून वाकून पुढे आली होती, पण तो फुकटचा पेशंट असल्यामुळे ऐकत नसे.

"कशात चूक सापडणार नाही?" तिने टेबलाखाली वाकून विचारलं.

"निरोप्यात. बावीस गोष्टींची यादी केली होती. तीनदा तपासली."

"बरं. बूट दिसला का?"

खिळा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हतं. वेबसाइटी बनवणाऱ्या, कोड लिहिणाऱ्या लोकांचं 'अवजारपेटी' नावाचं एक संकेतस्थळ होतं, तिथे तो नऊ वर्षं या नावाने वावरत होता. तिथे लोक आपण बनवलेली छोटी-मोठी साधनं मांडत, दुसऱ्यांची वापरून बघत आणि मग त्यावर तावातावाने बोलत. खिळा म्हणायचा, अवजार कसं असावं, तर खिळ्यासारखं. लहान, स्वस्त, दोन फळ्या धरून ठेवणारं. एरवी नजरेत न भरणारं. ऑफिसातही हेच नाव पडलं, आणि पुढे पुढे त्याला खऱ्या नावाने हाक मारली की तो मागे वळून बघायचा.

निरोप्या हे त्याचं नवं अवजार. कुठल्याही वेबसाइटवर एक चौकोन चिकटवायचा. येणाऱ्याने त्यात आपला ई-मेलचा पत्ता आणि चार ओळी लिहिल्या, बटण दाबलं, की निरोप साइटच्या मालकाच्या मेलमध्ये हजर. दोनशे दहा ओळींचं काम, पण रविवारमागून रविवार घालवून त्याने त्या दोनशे दहा ओळी अशा घासल्या होत्या की पितळेची भांडी लाजावीत.

बायको गेल्यावर त्याने निरोप्या अवजारपेटीत मांडला. सोबत वापरून बघायला एक नमुन्याचं पान दिलं आणि वर लिहिलं, 'इथे काहीही लिहून पाठवा. पोचतं की नाही बघा.' मग चहाचा दुसरा कप घेऊन तो खुर्चीत बसला.

अवजारपेटीचा एक रिवाज होता. कुणी काही मांडलं की पहिल्या पाच मिनिटांत एक जण येऊन विचारणार, हे अमक्या भाषेत का लिहिलं, तमक्या भाषेत का नाही. दुसरा म्हणणार, हे मी तीन ओळींत केलं असतं. तिसरा बटणाच्या रंगावर घसरणार आणि चौथा त्या तिसऱ्याशी भांडणार. हे सगळं झालं की समजायचं, आपलं स्वागत झालं. आणि फार मोठा मान असेल, तर कावळा येणार.

कावळा कोण, कुठला, कुणालाच माहीत नव्हतं. पण त्याने हात लावलेल्या अवजारात दोष निघाला नाही, असं कधी झालं नव्हतं. एकदा एकाने सहा महिने खपून तारखा दाखवणारं कॅलेंडर बनवलं होतं. कावळ्याने एका ओळीत लिहिलं, 'फेब्रुवारी तपासा.' तो माणूस पुन्हा दिसला नाही.

साडेअकरापर्यंत नमुन्याच्या पानावरचा आकडा सांगत होता की सव्वीस निरोप पोचले. खिळ्याने आपला मेल उघडला. एकही निरोप नव्हता. त्याने कचऱ्याची पेटी बघितली. तिथेही नव्हता. सव्वीस निरोप पोचले म्हणजे पोचले कुठे?

तेवढ्यात अवजारपेटीत 'ढग' नावाच्या एका माणसाने लिहिलं, 'निरोप पोचला. आणि उत्तर तर काय सुंदर आलंय.'

उत्तर? निरोप्या उत्तर देत नव्हता. दोनशे दहा ओळींत उत्तराची एकही ओळ नव्हती. खिळ्याला वाटलं, चेष्टा चाललीय. पण खाली ढगाने ते उत्तर जसंच्या तसं चिकटवलं होतं.

'स. न. वि. वि. आपला 'टेस्ट' हा एका शब्दाचा निरोप मिळाला. टेस्ट कसली, ते कळलं नाही. परीक्षा असल्यास मनापासून शुभेच्छा. शब्दानंतर पूर्णविराम राहिला आहे, तो घालावा.'

खिळ्याने ते वाचलं आणि त्याच्या हातातला कप हातातच राहिला. अनोळखी माणसाला परीक्षेच्या शुभेच्छा देऊन वर पूर्णविराम मागणारी व्यक्ती या पृथ्वीवर एकच होती. ती त्याच्या बायकोची आई होती.

सासूबाईंनी चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. छापायला जाणारी प्रत्येक ओळ त्यांच्या पेन्सिलीखालून जायची. गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्या घरात एकदम शांतता झाली. औषधांच्या वेष्टनांवरच्या चुका काढून किती दिवस जाणार? म्हणून खिळ्याने दोन आठवड्यांपूर्वी त्यांना एक टॅब आणून दिला, मेल कसा वाचायचा ते शिकवलं आणि एक लहानसं पान बनवून दिलं. 'मुद्रितं तपासून मिळतील. निरोप ठेवावा.' खाली निरोप्याचा चौकोन. त्या चौकोनातून पंधरा दिवसांत एक निरोप आला होता, आणि तो लेकीचा होता.

आज सकाळी नमुन्याचं पान बनवताना खिळ्याने सासूबाईंचं पान उचललं, मथळा बदलला, रंग बदलला, बटण बदललं. सदतिसाव्या ओळीतला मेलचा पत्ता बदलला नव्हता. बावीस मुद्द्यांच्या यादीत तो मुद्दाच नव्हता.

तो पत्ता बदलायला अर्धं मिनिट पुरलं असतं. त्याने सदतिसावी ओळ उघडलीसुद्धा. पण त्याआधी, फक्त एकदा, त्याने अवजारपेटीकडे नजर टाकली.

तिथे उत्तरांची रास पडत होती. एकाने 'asdf' असं चार अक्षरं बडवून पाठवलं होतं. त्याला आलं होतं, 'आपण लिहिलेला शब्द तीन कोशांत पाहिला, सापडला नाही. डाव्या हाताची चारही बोटं आपण क्रमाने आपटलेली दिसतात. उजवा हात बरा आहे ना?' दुसऱ्याने नुसतं '१२३' पाठवलं होतं. त्याला आलं होतं, 'पुढचे आकडे पोचले नाहीत. फोन नंबर देत असाल तर पुन्हा पाठवावा.' तिसरा जरा खवचट होता. निरोप्या मोडतो का बघायला त्याने चौकोनात कोडचा एक वेडावाकडा तुकडा घातला होता. त्याला उत्तर होतं, 'आपण दोन कंस उघडले आणि एकच बंद केला. दुसरा मी बंद करून सोबत परत पाठवत आहे.' आणि त्या माणसाने खाली लिहिलं होतं, 'खरंच बंद करून पाठवलाय. बरोबर जागी.'

लोक विचारत होते, ही उत्तरं देणारी यंत्रणा कुठली? कशी शिकवली? इतकी नम्र आणि इतकी तिखट एकाच वेळी कशी? आणि सगळ्यात खाली, एकट्याच्या ओळीत, कावळा आला होता.

'अवजारपेटीत पहिल्यांदाच मला दोष दिसत नाही. हे कसं केलंत?'

आता माणूस म्हटला की त्याला मन असतं, आणि नऊ वर्षं कावळ्याच्या एका बऱ्या शब्दाची वाट पाहिलेलं मन तर फारच मऊ झालेलं असतं. खिळ्याने सदतिसावी ओळ बंद केली. अवजारपेटीत गेला. थोडा वेळ बोटं हवेत ठेवली. आणि लिहिलं, 'थोडी मेहनत घेतली आहे.'

संध्याकाळपर्यंतच, असं त्याने स्वतःला बजावलं. संध्याकाळी पत्ता बदलू आणि आईंना सांगू.

दुपारी बायको घरी आली ती खुशीत.

"अरे, आईला फोन केला तर म्हणाली, कामात आहे, दहा मिनिटांनी कर. दहा मिनिटांनी केला तर म्हणाली, अजून कामात आहे. वर्षभरात असं कधी म्हणाली नाही ती. नाहीतर पहिल्या रिंगला उचलते आणि औषधाच्या बाटलीवरच्या चुका वाचून दाखवते."

"कसलं काम?" खिळ्याने खिडकीबाहेर बघत विचारलं.

"तुझ्या त्या पानावरून लोकांचे निरोप यायला लागलेत म्हणे. खूप. आवाज ऐकायला हवा होतास. एकदम ऑफिसातल्यासारखा." बायकोने पर्स ठेवली आणि त्याच्या पुढे आलेल्या मानेवरून हात फिरवला. "चांगलं काम केलंस हं तू."

त्या हाताखाली खिळ्याची मान आणखी दोन इंच पुढे गेली. आता पत्ता बदलायचा म्हणजे आईंच्या टॅबवर पुन्हा शुकशुकाट. आणि न बदलायचा म्हणजे... ते त्याने उद्यावर टाकलं.

रविवारी प्रकरण हाताबाहेर गेलं. आता लोक 'टेस्ट' पाठवत नव्हते, खरेखुरे निरोप पाठवत होते. एकाने आपल्या अवजाराची वापरण्याची माहिती तपासायला पाठवली. तिच्यात एकच वाक्य अकरा ओळी चाललं होतं. ते परत आलं तेव्हा त्याची पाच वाक्यं झाली होती, आणि खाली टीप होती, 'मधे मधे श्वास घ्यावा.' एका मुलीने लिहिलं की तिने नोकरीचा राजीनामा तपासायला पाठवला होता. त्यात सात चुका निघाल्या, आणि शेवटी लिहिलं होतं, 'आपण कारण दिलेलं नाही. कारण लिहून पाहावं. लिहिता आलं नाही तर पत्र पाठवू नये.' तिला कारण लिहिता आलं नव्हतं. ती सोमवारी कामावर जाणार होती.

अवजारपेटीतले लोक भारावून गेले होते. एरवी दोन माणसांचं एका स्वल्पविरामावरही एकमत होत नाही अशी ती जागा. तिथे बटणाच्या रंगावरून भांडणारे दोघे एकमेकांची उत्तरं वाचून हसत होते. कुणीतरी बारीक लक्ष ठेवून नोंदवलं, की दुपारी एक ते तीन या यंत्रणेकडून उत्तर येत नाही. त्यावर चाळीस प्रतिक्रिया आल्या. एक म्हणाला, त्या वेळात ती आपल्या चुकांवरून शिकत असेल. दुसरा म्हणाला, वीज वाचवत असेल. तिसऱ्याने तर आलेख काढला. सासूबाई जेवून एक ते तीन आडव्या पडतात हे एकट्या खिळ्याला ठाऊक होतं. त्याने लिहिलं, 'त्या वेळात ती थंड होते.' कावळ्याने त्याला होकाराचं चिन्ह दिलं.

सोमवारी ऑफिसात पाऊल टाकतो न टाकतो तोच साहेबांनी आपल्या काचेच्या खोलीतून हात केला. साहेब भला माणूस होता, फक्त समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबणं त्यांना जमत नसे.

"ते उत्तर देणारं तुझंच ना रे?"

"हो, म्हणजे साहेब..."

"तू सांगितलं नाहीस, मला घरी कळलं हे. आमच्या मुलीने तिचा निबंध पाठवला होता. काय उत्तर आलंय. गुरुवारी आपलं नवं उत्पादन बघायला बाहेरून पाहुणे येतायत, माहितीये ना? त्यांना हेही दाखवायचं. चालू करून, त्यांच्यासमोर."

"साहेब, त्याचं काय आहे..."

"उत्तर यायला किती वेळ लागतो?"

"कधी अकरा मिनिटं. कधी दोन तास."

साहेबांनी भुवई वर केली. "एवढा का?"

"विचार करतं," खिळा म्हणाला. हे निदान खरं होतं.

"विचार करतं," साहेब कौतुकाने म्हणाले. "आपल्याकडे हे कुणालाच जमलं नव्हतं. गुरुवार, अकरा वाजता."

खिळा आपल्या जागेवर जाऊन बसला. त्याच्या डोळ्यांसमोर गुरुवारचं दृश्य आलं. मोठ्या पडद्यावर निरोप गेलाय, पाहुणे चहा पिऊन झालेत, साहेब घड्याळ बघतायत, आणि चार बसथांबे पलीकडे सासूबाई चष्मा शोधतायत. त्या दिवशी त्याने एक ओळही कोड लिहिला नाही. साडेपाचला तो उठला आणि घरी न जाता सरळ सासूबाईंकडे गेला.

दार बायकोने उघडलं. ती कामावरून परस्पर तिकडेच आली होती. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ती पहिल्या भेटीत पेशंटच्या पाठीकडे बघते. कुठे दाबलं की ओरडेल, याचा अंदाज घेत.

आत जेवणाच्या टेबलाचं ऑफिस झालं होतं. मधोमध टॅब, पुस्तकाला टेकवून उभा केलेला. डाव्या हाताला तीन कोश. उजव्या हाताला आखीव वही, पट्टी आणि टोक केलेल्या चार पेन्सिली. सासूबाईंच्या उजव्या मनगटाला लेकीने पट्टा बांधला होता, आणि त्या डाव्या हाताच्या एका बोटाने, एकेक अक्षर निवडून, उत्तर लिहीत होत्या. डोळे थकलेले दिसत होते, पण पाठ ताठ होती. गेल्या वर्षभरात खिळ्याने ती इतकी ताठ पाहिली नव्हती.

"बसा," त्या म्हणाल्या. "एवढं वाक्य संपवते."

वाक्य संपायला चार मिनिटं लागली. खिळ्याने तेवढ्यात मनातल्या मनात कबुलीची तीन वाक्यं जुळवली.

"आई, मला तुम्हाला एक सांगायचंय. हे जे निरोप येतायत ना, ते..."

"ते चाचणीचे आहेत," सासूबाई म्हणाल्या. "माहीत आहे मला. शनिवारी दुपारीच कळलं."

खिळ्याने खुर्ची टॅबजवळ ओढली.

"ढग म्हणून एक गृहस्थ आहेत. त्यांनी विचारलं, तुम्हाला दुवा उघडता येतो का? मी कळवलं, येतो, जावयांनी शिकवलंय. त्यांना वाटलं मी विनोद केला. त्यांनी दुवा पाठवला. उघडला तर तुमची ती अवजारपेटी. सगळं वाचलं मी. शनिवारचं, रविवारचं, आजचं. ते कावळा म्हणून आहेत ना, माणूस हुशार आहे, पण 'की' ऱ्हस्व लिहितात. प्रत्येक वेळी."

"मग तुम्ही उत्तरं देत का राहिलात?"

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. "का म्हणजे? चाचणीचा असला तरी निरोप माणसानेच पाठवला ना? बटण दाबून तिकडे वाट बघत बसलाय तो. आणि एकाला उत्तर दिलं की तो परत लिहायचा. आभार मानायचा. पूर्णविराम घालून." त्यांनी वही पुढे ओढली. "एकशे सदतीस निरोप आले. एकशे तेहतीस जणांना उत्तर दिलं. उरलेल्या चौघांनी वाईट शब्द वापरले होते."

"त्यांना सोडून दिलं ना?"

"शुद्धलेखन तपासून परत पाठवले."

बायकोच्या तोंडून हसू फुटलं, आणि खिळ्यालाही वाटलं की आपण सुटलो. तो खुर्चीत जरा मागे रेलला. तेव्हा सासूबाईंनी वहीचं पान उलटलं. तिथे एकच ओळ लिहिलेली होती, तिच्याखाली पट्टीने रेघ मारलेली.

"हे तुम्ही लिहिलंत, शनिवारी. 'थोडी मेहनत घेतली आहे.'" त्यांनी पेन्सिलीचं टोक त्या ओळीवर ठेवलं. "या वाक्यात कर्ता नाही. मेहनत घेतली, पण कुणी, ते राहिलंय."

खिळ्याने बायकोकडे पाहिलं. तिने मदत केली नाही.

"चौतीस वर्षं पुस्तकं तपासली मी," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "लेखकाचं नाव छापतात, प्रकाशकाचं छापतात, चित्र काढणाऱ्याचं छापतात. मुद्रितं तपासणाऱ्याचं आमच्याकडे कधी छापलं नाही. त्याची मला सवय आहे. पण ती माणसं परकी होती."

खिळ्याला त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. त्याने टेबलावरची एक पेन्सिल उचलली आणि परत ठेवली.

"चुकलं माझं, आई."

"हं. आता यात कर्ता आहे," सासूबाई म्हणाल्या. "तिकडेही तसंच दुरुस्त करा. इथेच बसून करा, म्हणजे मला तपासता येईल."

त्याने त्यांच्याच टॅबवरून लिहिलं. सासूबाईंनी मान पुढे करून प्रत्येक ओळ वाचली. 'मी शनिवारी लिहिलेलं वाक्य अपुरं होतं. उत्तर देणारी कुठलीही यंत्रणा नाही. नमुन्याच्या पानावर माझ्याकडून चुकून माझ्या सासूबाईंचा पत्ता राहिला. त्या निवृत्त मुद्रितशोधक आहेत. सगळी उत्तरं त्यांनी लिहिली, एका बोटाने. मेहनत त्यांची आहे. श्रेय मी घेतलं, त्याबद्दल त्यांची आणि तुमची माफी मागतो. दुपारी एक ते तीन त्या झोपतात.'

"शेवटचं कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

"लोकांनी आलेख काढलाय, आई."

त्याने बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले. नऊ वर्षांची अब्रू आता अर्ध्या तासात धुतली जाणार होती. पण अवजारपेटीत कुणी काहीच बोललं नाही. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. बायकोने चहा केला. मग 'asdf'वाल्याने लिहिलं, 'म्हणजे त्यांनी खरोखर तीन कोश पाहिले?' आणि बांध फुटला. ज्याला ज्याला उत्तर आलं होतं तो तो धावत आला. एकाने लिहिलं, मी ते उत्तर छापून भिंतीवर लावलंय. राजीनामावालीने लिहिलं, बाईंना सांगा, मी आज गेले होते कामावर. ज्याने आलेख काढला होता त्याने तो काढून टाकला आणि त्या जागी लिहिलं, 'झोपमोड झाली असल्यास क्षमस्व.' खिळ्यावर रागवायला कुणाला सवडच नव्हती.

शेवटी कावळा आला. तो कधी दोन ओळींच्या वर लिहीत नसे. आज त्याने पानभर लिहिलं. की तो वीस वर्षं इतरांच्या कोडमधल्या चुका काढतोय, लोक त्याला घाबरतात, आणि आपण चूक काढली की माणूस निघून का जातो, हे त्याला कधी समजलं नव्हतं. या तीन दिवसांत त्याने कितीतरी माणसांच्या चुका निघताना पाहिल्या आणि त्यांतला एकही निघून गेला नाही. उलट परत परत आले. हे कसं करायचं, ते बाई शिकवतील का?

सासूबाईंनी ते दोनदा वाचलं. मग टॅब स्वतःकडे ओढला आणि एका बोटाने उत्तर लिहायला घेतलं. ते काय होतं, त्यांनी दाखवलं नाही. पण त्यानंतर कावळ्याने कुणाच्या तरी घड्याळाच्या अवजाराखाली लिहिलेलं खिळ्याने वाचलं. 'काटे सुरेख फिरतात. बाराला एक क्षण थांबतात, तेवढं बघावं.' आणि त्याच दिवसापासून त्याचे सगळे 'की' दीर्घ झाले.

त्या सोमवारी निघताना सासूबाईंनी खिळ्याच्या हातात चार घड्यांचा एक कागद ठेवला. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, शुद्धिपत्र. खाली निरोप्यातले अकरा दोष. जोडाक्षर असलेली नावं फुटतात. स्वल्पविरामानंतरची मोकळी जागा गायब होते. बटण दोनदा दाबलं तर निरोप दोनदा येतो. मोठा निरोप शेवटच्या शब्दात तुटतो, आणि तुटला आहे हे पाठवणाऱ्याला कळतही नाही. प्रत्येकापुढे उदाहरण, वेळ आणि निरोपाचा क्रमांक. खिळ्याच्या ऑफिसात चाचणी घेणारी तीन माणसं होती, पण असा कागद त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. बसमध्ये तो उभ्यानेच ते वाचत राहिला. घरी पोचेपर्यंत त्याला खात्री पटली होती की अकराच्या अकरा दोष खरे आहेत.

मंगळवारी त्याने साहेबांना सगळं सांगितलं. या वेळी वाक्य पूर्ण केलं, कारण साहेब मधे बोललेच नाहीत. ऐकून झाल्यावर ते बराच वेळ खुर्चीत डोलत राहिले.

"म्हणजे यंत्र नाही."

"नाही, साहेब."

"बाई गुरुवारी येतील का?"

"पण दाखवायचं काय, साहेब?"

"तेच," साहेब म्हणाले. "विचार करतात ते."

गुरुवारी अकराला पाच कमी असताना सासूबाई आल्या. इस्त्रीची साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत पट्टी आणि चार पेन्सिली. पाहुणे सहा होते. त्यांच्यासमोर, ठरल्याप्रमाणे, आधी कंपनीचं नवं उत्पादन मोठ्या पडद्यावर उघडलं आणि उघडता उघडताच अडकलं. पडद्यावर अक्षरं आली, 'काहीतरी चुकलं आहे. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.'

साहेबांचा चेहरा उतरला. खिळ्याने हात कीबोर्डकडे नेला. पण सासूबाई चष्मा चढवून पडद्याजवळ गेल्या होत्या.

"काय चुकलंय?" त्यांनी विचारलं.

"काहीतरी," खिळा म्हणाला.

"ते वाचलं मी. पण काय? आणि कुणाचं चुकलंय? वाचणाऱ्याला वाटेल आपलंच."

"नाही आई, आपल्या सर्व्हरचं चुकलंय."

"हे तुम्हाला आत कळतं?"

"कळतं."

"मग लिहा की तसं. आणि 'थोड्या वेळाने' म्हणजे किती?"

"पाच मिनिटं."

"मग पाच मिनिटं लिहा. माणूस तेवढ्यात चहा घेऊन येईल. नाहीतर बसतो बिचारा बटण दाबत."

पाहुण्यांपैकी सगळ्यात ज्येष्ठ बाईंनी वही काढली आणि लिहून घेतलं. पुढचा दीड तास कुणी उत्पादनाकडे पाहिलंच नाही. कंपनीच्या सगळ्या सूचना एकामागून एक पडद्यावर येत होत्या आणि सासूबाई उभ्या राहून त्या सरळ करत होत्या. मागच्या दारातून ऑफिसातले लोक एकेक करून आत येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. चाचणी घेणारी तिन्ही माणसं पहिल्या रांगेत बसली होती. साडेबाराला साहेबांनी पाहुण्यांसमोरच त्यांना विचारलं, की आठवड्यातून दोन दिवस याल का? सासूबाई म्हणाल्या, येईन, पण एकच्या आत घरी सोडावं लागेल.

मग हस्तांदोलनं झाली. पाहुण्या बाई जाता जाता सासूबाईंजवळ थांबल्या, त्यांच्याशी बराच वेळ बोलल्या आणि निघताना दाराशी पट्टी आणि पिशवी धरून उभ्या असलेल्या खिळ्याकडे त्यांचं लक्ष गेलं.

"आणि हे?"

"हे त्यांचे जावई," साहेबांनी ओळख करून दिली.

बाई कौतुकाने हसल्या.

"अरे वा. तुम्हीही कॉम्प्युटरमधलेच का?"

"हो," खिळा म्हणाला. "थोडंफार."